जुने चावे पुन्हा उठले तेव्हा

रात्रपाळीला एक आई चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गांधी, बऱ्याचशा खाजवून फोडलेल्या, वर टूथपेस्टचा वाळलेला थर. पोर रडत होतं आणि हात सुटला की पायाला नखं लावत होतं.

"डॉक्टर, काल दोन-तीनच डास चावले. मग मागच्या आठवड्यातले डाग आज परत का फुगले? रक्तात दोष आहे का?"

रक्तात दोष नव्हता. डास चावताना लाळ सोडतो. त्या लाळेतल्या प्रथिनांमुळे शरीरात हिस्टामीन नावाचं रसायन सुटतं, म्हणून सूज आणि खाज येते. काही लहान मुलांचं शरीर इतकं चिडतं, की नवा डास चावला की जुन्या जागाही उठतात. वय वाढतं तसा हा त्रास बहुतेकांचा ओसरतो. हे ऐकून त्या माउलीचा जीव भांड्यात पडला.

साबण-पाण्यानं पाय धुतले. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरला आणि रडणं थांबलं. घरात सहज करता येण्यासारखा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. टूथपेस्ट क्षणभर गार वाटते, पण फुटलेल्या कातडीला झोंबते. न फुटलेल्या गांधींवर खाज शमवणारं कॅलामाइन लोशन लावलं, वजनाप्रमाणे सेटिरिझिन या ॲलर्जीच्या औषधाचं सिरप दिलं. आणि नखं तिथंच कापली. खाजेपेक्षा मला नखांचीच धास्ती असते.

ती धास्ती खरी ठरली होती. डाव्या पोटरीवरची एक जागा गरम, टणक होती आणि बोट लावताच मूल कळवळलं. नुसत्या चाव्याला खाज सुटते; दुखणं वाढत गेलं तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. प्रतिजैविक सुरू केलं आणि लालीच्या कडेनं पेनानं रेघ ओढली.

"ताई, लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. ओठ सुजले, श्वासाला त्रास झाला, तर लगेच निघा."

दोन दिवसांनी तपासलं तेव्हा लाली रेघेच्या बरीच आत आली होती. मग आम्ही मच्छरदाणी, रात्रीचे लांब पायाचे कपडे आणि घराभोवती साचलेलं पाणी यांवरच बोललो. नवे चावे थांबल्याशिवाय त्याचे जुने डाग बसणार नव्हते.