ईपरच्या काचेच्या कपाटातला अननस

बेल्जियममधल्या ईपरला मी गेलो ते पहिल्या महायुद्धाचे खंदक बघायला, आणि रेंगाळलो संग्रहालयातल्या एका कपाटापाशी. आत मुठीत मावेल एवढा बिडाचा गोळा, वजन पाऊण किलोच्या आसपास. मिल्स बॉम्ब, म्हणजे ब्रिटिशांचा हातबॉम्ब, ग्रेनेड. फ्रेंचमध्ये ग्रेनेड म्हणजे डाळिंब. मला मात्र हा अननसच वाटला.

शेजारी जॅमचा गंजका डबा. १९१४ च्या हिवाळ्यात ब्रिटिश फौजेकडे पुरेसे हातबॉम्ब नव्हते, म्हणून सैनिक रिकाम्या डब्यांचेच बॉम्ब करत. वात पेटवायची नि फेकायचा. इथल्या पावसात, चिखलात काडी पेटवणं म्हणजे काय, हे बाहेर दोन तास भिजून आल्यावर नीट कळतं!

१९१५ मध्ये मिल्स बॉम्ब आला आणि काडीची कटकट संपली. बर्मिंगहॅमचा विल्यम मिल्स मूळचा ॲल्युमिनियमच्या ओतकामातला. गोल्फच्या काठ्याही बनवायचा. (त्याच्याआधी रोलांड नावाच्या बेल्जियन अधिकाऱ्याने असाच हातबॉम्ब काढला होता, त्यावरून पुढे वादही झाला.) पिन काढली की बॉम्ब फुटतो असं आपण सिनेमात बघतो, पण खरी सूत्रं बाजूच्या पट्टीकडे. मुठीत ती दाबून धरली आहे तोवर काही होत नाही. हातातून सुटला की पट्टी उडते, आतला स्प्रिंगवरचा खटका आपटतो आणि वात जळू लागते. ही वात पुढे सात सेकंदांची होती. १९४० मध्ये फ्रान्समध्ये तेवढ्या वेळात शत्रू पळायचा, नाहीतर तोच बॉम्ब परत फेकायचा! मग ती चारवर आणली.

अंगावरच्या चौकटी तुकडे नीट पडावेत म्हणून, असंच मी समजत होतो. मिल्सच्या टिपणांत कारण वेगळंच: पकड. चिखलाने बरबटलेल्या हातातून निसटू नये म्हणून. फुटताना बीड त्या खाचांना जुमानत नसेच. तुकडे फेकणाऱ्यापर्यंतही पोचू शकत, त्यामुळे फेकून आडोशाला जायचं.

दुपारी गावाबाहेर शेतांच्या कडेने चाललो. इथे नांगराला अजूनही न फुटलेले गोळे लागतात. शेतकरी ते रस्त्याकडेला ठेवतात आणि लष्कराचं पथक येऊन नेतं. एका खांबाच्या बुडाशी गंजलेलं, गोलसर काहीतरी पडलं होतं. माती चिकटलेली, चौकटी आहेत की नाहीत ते कळेना. वाकून बघायचा मोह झाला. हात खिशात घातले आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेने पुढे गेलो.