तिथे देवाचं काय शिकवतात?

काकू, कोजागिरीला गच्चीवर तुम्ही विचारलंत तेव्हा हातात दुधाचा पेला होता आणि खालून कोणीतरी स्कूटर हलवा म्हणून ओरडत होतं. म्हणून मी "नाही हो, तसं काही नसतं" एवढंच म्हणून सुटले. तुम्ही काही पहिल्या नाही. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या प्रत्येक हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना मला हेच विचारलं गेलंय: "कॅथलिक विद्यापीठात आर्ट्स शिकलीस म्हणजे चर्चला जावं लागायचं का? आणि मग त्यांनी कधी..." पुढचं कोणी बोलत नाही, नुसती मान तिरकी करतात. आता तुमची लेक तिथेच अर्ज करतेय, तेव्हा नीट सांगते.

मी शिकले ते बेल्जियममधल्या ल्यूव्हेनला. तत्त्वज्ञानाचं एम.ए., इंग्रजीतून, एका वर्षाचं. विद्यापीठ 1425 सालचं, पोप मार्टिन पाचवा याच्या आज्ञापत्राने सुरू झालेलं. शिक्क्यावर मेरी सिंहासनावर बसलेली आहे. 'ज्ञानाचं आसन' असं तिला म्हणतात. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा आईने शिक्का निरखून पाहिला, "शारदाच की ही," म्हणाली आणि पत्राला हळदकुंकू लावून देवापुढे ठेवलं. धर्मांतर झालंच असेल तर त्या दिवशी मेरीचं झालं.

चर्चमध्ये मी वर्षभरात दोनदा गेले. एकदा गायन ऐकायला आणि एकदा छत्री मोडली म्हणून. कोणी बोलावलं नाही, कोणी विचारलंही नाही. पण हे तुमच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर झालं. देवाचं काय शिकवतात हेही तुम्हाला विचारायचं होतं ना? शिकवतात. भरपूर शिकवतात.

आमची तत्त्वज्ञानाची संस्था 1889 मध्ये मर्सिए नावाच्या धर्मगुरूंनी काढली. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसचा अभ्यास पुन्हा जोमाने व्हावा ही तेव्हाच्या पोपची इच्छा होती. थॉमस म्हणजे कॅथलिकांचा शंकराचार्यच समजा. त्याच्या मोठ्या ग्रंथातलं 'देव आहे का' हे प्रकरण वर्गात लागलं. मी पहिल्या बाकावर, मनात तयारीत: आता प्रवचन येणार. पान उघडलं तर सुरुवातच अशी, की देव नाही असं दिसतं. आणि पुढे त्याची दोन कारणं. देव जर अनंत चांगला, तर जगात वाईट उरायलाच नको होतं; आणि जगातलं सगळं जर निसर्ग आणि माणसाची बुद्धी यांनीच उलगडतं, तर देव मधे आणायचाच कशाला? नास्तिकाला आजही यापेक्षा बळकट बोलता येणार नाही. हे सगळं मांडून झालं की मग थॉमस घसा खाकरतो आणि स्वतःचं उत्तर द्यायला लागतो. अख्खा ग्रंथ असाच रचलेला: आधी समोरच्याचं म्हणणं, मग आपलं, मग समोरच्याच्या एकेका मुद्द्याला जबाब.

माझ्या शेजारी केरळचे एक फादर बसायचे. चर्चेत देवाविरुद्धची बाजू त्यांच्या वाट्याला आली तर ती ते अशी लढवायचे की आमच्यातले पक्के नास्तिक खाली मान घालत. संध्याकाळी घड्याळ बघून उठायचे, त्यांना मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, म्हणायचा असे.

पहिल्या निबंधात मी आपटले. 20 पैकी 8, आणि पास व्हायला 10 लागतात. थॉमसला मी दोन परिच्छेदांत निकालात काढला होता आणि फार खूश होते. समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं की तुम्ही ज्याला हरवलंत तो थॉमस नव्हे, तुम्हीच बनवलेलं बुजगावणं आहे. त्या रात्री बारक्याशा खोलीत, इथून नेलेल्या लिलो चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन मी बसले होते आणि आजोबा आठवले. आमच्या घरात भावंडांचं भांडण लागलं की ते म्हणायचे, "आधी त्याचा पूर्वपक्ष मांड. त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतका चांगला मांड. मग खोड." आजोबांचे वडील बडोदा संस्थानच्या श्रावणमास दक्षिणेच्या परीक्षेला बसलेले शास्त्री. पूर्वपक्ष हा शब्द आमच्या घरात आमटीभातासारखा होता, आणि तो मी ल्यूव्हेनला जाताना इथेच खुंटीला टांगून गेले होते. दुसऱ्या निबंधात तोच काढून वापरला. मार्क सांगत नाही, पण आईने पेढे वाटले होते.

तिथल्या बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. आपल्याकडच्या दहा मिनिटांच्या व्हायव्हासारख्या नाहीत. प्रश्न हातात पडतो, कोपऱ्यात बसून विचार करायला थोडा वेळ मिळतो, मग प्राध्यापकांसमोर बसायचं. पाठ केलेलं तिसऱ्या मिनिटाला संपतं. त्यानंतर ते विचारतात, "आणि तुम्हाला काय वाटतं?" काकू, बडोद्यात बी.ए.ची तीन वर्षं त्या सुंदर घुमटाखाली काढली मी, पण पेपरात हा प्रश्न मला कधी आला नव्हता. लेकीला याची सवय करायला सांगा, घरी, जेवताना. जानेवारीच्या परीक्षेआधीचे काही आठवडे तिकडची मुलं 'ब्लोक' म्हणतात. गाव चिडीचूप होतं, दुपारी चारपाचला अंधारतं, आणि तेव्हा घरचा फोन नको तेवढा आठवतो.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. हुसर्ल नावाचा जर्मन तत्त्ववेत्ता, जन्माने ज्यू. 1938 मध्ये तो वारला तेव्हा नाझी राज्य होतं आणि त्याची सुमारे 40,000 पानांची हस्तलिखितं, बहुतेक लघुलिपीतली, घरात पडून होती. ल्यूव्हेनचा एक तरुण फ्रान्सिस्कन फादर, व्हान ब्रेडा, प्रबंधासाठी म्हणून त्या घरी गेला आणि कागद बघून हादरला. त्याने ते बेल्जियमच्या वकिलातीमार्फत जर्मनीबाहेर काढले. हुसर्लची विधवा पत्नीसुद्धा युद्धाची वर्षं ल्यूव्हेनजवळच्या एका कॉन्व्हेंटमध्ये राहून वाचली. हुसर्लचं अर्काइव्ह आजही आमच्याच संस्थेत आहे. त्याच विद्यापीठात लामोत नावाचे दुसरे एक धर्मगुरू होते. त्यांनी आयुष्य बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात घालवलं. आणि कामिल बुल्के तर तुम्हाला माहीत असतील, हिंदी कोशवाले, पद्मभूषण मिळालेले. ते त्याच मुलखातले, ल्यूव्हेनलाच इंजिनिअरिंग शिकलेले. पुढे जेझुइट या कॅथलिक संघात जाऊन भारतात आले आणि रामकथेवर अलाहाबादला डॉक्टरेट केली. इथे आपल्या प्राच्यविद्या मंदिरात रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचे खंड निघाले, 1960 ते 1975. वाल्मीकीसाठी इकडे पंडित पोथ्या ताडून बघत होते आणि तिकडचा एक इंजिनिअर रांचीत बसून रामकथा उकलत होता. मला हे ल्यूव्हेनला गेल्यावर कळलं याची थोडी लाज वाटते.

सगळं गोड होतं असंही समजू नका. 1968 मध्ये हे विद्यापीठ फुटलं. धर्मावरून नाही, दोन्ही बाजू कॅथलिकच, भाषेवरून. डच बोलणाऱ्यांनी फ्रेंच बोलणाऱ्यांना गावाबाहेर जा म्हणून मोर्चे काढले आणि फ्रेंच विद्यापीठासाठी पुढे नवं गावच वसवावं लागलं. ग्रंथालयाचीही वाटणी झाली. ते ग्रंथालय 1914 मध्ये जर्मन सैन्याने जाळलं होतं, 1940 मध्ये ते पुन्हा जळलं, दोन्ही वेळा उभं राहिलं; आणि मग घरच्यांनीच वाटून घेतलं. सम क्रमांकाची पुस्तकं एकाला, विषम दुसऱ्याला, असं सांगतात. हे ऐकून वर्गातली मुलं हसली, मला हसू आलं नाही. आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक असेच मोजून दिले होते. खंडोबा काकांकडे, देवी आमच्याकडे.

चर्च आणि विद्यापीठ यांचं सगळं जुळतं असंही नाही. 2024 मध्ये पोप फ्रान्सिस 600 वर्षांच्या निमित्ताने तिथे गेले आणि फ्रेंच विद्यापीठात बायकांच्या भूमिकेबद्दल बोलले. ते न पटल्याचं पत्रक त्या फ्रेंच विद्यापीठाने त्याच दिवशी काढलं. पाहुणे अजून देशात असताना! आपल्याकडे कुलपतींच्या भाषणानंतर असं पत्रक काढून बघा.

पुढे काय करणार, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी काय करते ते तुम्ही रोज बघता: सकाळी तास, दुपारी भाषांतरं, आणि धाकट्या भावाच्या निम्मा पगार. हे मी लेकीपासून लपवलेलं नाही, तुम्हीही लपवू नका.

तिला रविवारी सकाळी पाठवा. अर्जासोबत द्यायचं पत्र तिने मला दाखवलंय. मला तत्त्वज्ञान का शिकायचंय याची दोन पानं आहेत आणि त्यात विरोधात एक ओळ नाही. त्याचा पूर्वपक्ष लिहून हवाय. आर्ट्स घेऊन पोट भरत नाही, एवढ्या लांब एकटी कशाला, कॅथलिकच विद्यापीठ कशाला, सगळं. तो तुम्हीच लिहा काकू, हातचं राखू नका. उत्तर तिला देऊ द्या.