बांधाच्या दोन्ही बाजूंना पाऊस

७ ऑक्टोबर २०२४, नवरात्राची पाचवी माळ

आज उडदाच्या रानात ज्वारी पेरून झाली. रान एकरभरच आहे, पण वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा त्याच एकरावर अवलंबून असल्यामुळे आमच्या साडेचार एकरांत या पेरणीला जो मान आहे तो दुसऱ्या कुठल्याही कामाला नाही. सोयाबीन विकण्यासाठी, तूर निम्मी विकण्यासाठी आणि निम्मी डाळीसाठी, पण ज्वारी फक्त खाण्यासाठी, असा आमच्या घरातला जुना हिशेब आहे. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या या काळ्या रानात आता सगळीकडे सोयाबीनच दिसते, आणि घरापुरती का होईना, ज्वारी पेरणारी घरे दरवर्षी कमी होत चालली आहेत.

हस्ताच्या पावसाने रान इतके भिजले होते की चार दिवस पाय ठेवता येत नव्हता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी बांधावरून खाली उतरून मूठभर माती उचलायच्या, तिचा लाडू वळायच्या आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकायच्या. लाडू तसाच राहिला तर हात झटकून परत यायचे आणि फुटून विखुरला तर तिफण (पेरणीचे अवजार) जुंपायची, ही त्यांची वापशाची, म्हणजे रान पेरणीजोगे झाले का याची, परीक्षा. आज तो फुटला. आमचा एक बैल आणि शेजारच्या भाऊजींचा एक, अशी आमची सायड आहे, त्यामुळे दिवस त्यांच्या सोयीने ठरवावा लागतो. पण लाडू फुटल्याचे कळताच त्यांनी स्वतःचे काम बाजूला ठेवले.

बियाणे घरचेच, मालदांडी वाणाचे. मागच्या माघात काढणीच्या वेळी आत्याबाईंनी भरदार कणसे वेगळी काढून आढ्याला बांधून ठेवली होती. किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळले की कणसावर काणी हा रोग येत नाही, एवढी एकच औषधाची गोष्ट त्यांनी बिनतक्रार स्वीकारलेली आहे. एकराला ४ किलो बी लागते. ह्यांनी तिफण धरली, मी चाड्यावर (बी सोडायच्या वाटीवर) मूठ धरली आणि कडेच्या करडईच्या ओळींसाठी मोघण (बी सोडायची वेगळी नळी) धरायला पाचवीतला आमचा मुलगा हट्टाने पुढे आला. करडईला काटे असल्यामुळे मोकाट जनावर आत शिरत नाही, म्हणून ती कडेने लागतेच. दोरीने बांधलेली मोघण सरळ धरून तिफणीमागे चालणे दिसते तितके सोपे नाही. आकाशात बगळे उडत होते, पोराचे लक्ष तिकडे. ह्यांनी दोनदा मागे वळून पाहिले, काही बोलले नाहीत.

१२ ऑक्टोबर, दसरा

घट उठवला. पहिल्या माळेला आत्याबाईंनी आमच्याच रानातली वावरी (माती) आणून त्यात ज्वारी, गहू, हरभरा, करडई आणि जवस पेरले होते. कोणते धान अधिक जोमाने आले ते पाहून रब्बीचा अंदाज बांधण्याची पद्धत आहे. माझी नववीतली मुलगी याला ‘उगवणक्षमतेची चाचणी’ म्हणते आणि मला तिचे म्हणणे पटते. आपल्याच मातीत आपलेच बी नऊ दिवस ओलीवर ठेवून पाहणे, याला दुसरे काय म्हणणार? यंदा ज्वारी ताठ आणि वीतभर उंच आली, हरभरा मात्र निम्मा कुजला. आत्याबाईंनी अर्थ लावला की हरभऱ्याला ओल जास्त होईल. माझा अर्थ असा की घटाला पाणी जास्त घातले गेले. ह्यांनी ज्वारीचे तुरे टोपीत खोवले, विळे, खुरपी, तिफण यांची पूजा झाली, आपटा वाटून झाला.

सोयाबीनचे काम मात्र अर्ध्यावर आहे. तीन एकरांपैकी दोन एकर कापून झाले. त्यातल्या एका एकराची बनीम लागली (बाकीचे लोक गंजी म्हणतात), आणि दुसऱ्या एकरातले सोयाबीन वाळण्यासाठी कापल्या जागी पसरलेले आहे. गुत्त्यावर, म्हणजे ठेक्याने, कापणीला आलेली जोडपी सणासाठी दोन दिवस घरी गेली. त्यात त्यांचे काही चुकले नाही. सण त्यांनाही आहे. आत्याबाईंचे म्हणणे होते की शुक्रवारी घरच्या माणसांनी पसरलेले गोळा करावे. ह्यांचे म्हणणे पडले की शेंगा अजून दमट आहेत, आणखी दोन उन्हे लागू देत.

१४ ऑक्टोबर

काल रात्री पाऊस आला.

आत्याबाई या दिवसांत घरात झोपत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणपती बोळवून दमलेली माणसे दगडामातीच्या घरांत झोपली होती. आत्याबाईंच्या माहेरची चार माणसे त्यात गेली. पुनर्वसनात मिळालेले आमचे घर हलक्या भिंतींचे आणि भक्कम आहे, तरी गणपती उठले की त्या बाज ओसरीच्या पत्र्याखाली आणतात आणि थंडी सोसेनाशी झाली की मगच आत नेतात. या विषयावर आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यामुळे घरात पावसाचा पहिला थेंब नेहमी त्यांनाच कळतो.

साडेबाराच्या सुमारास त्यांनी कडी वाजवली. “चित्रा आली,” एवढेच म्हणाल्या, म्हणजे चित्रा नक्षत्राचा पाऊस. आम्ही चौघे निघालो आणि नको म्हटले असतानाही त्या पाचव्या आल्या. रान घरापासून दहा मिनिटांवर आहे. ताडपत्र्या दुचाकीवर टाकून हे पुढे गेले, आम्ही बॅटऱ्या घेऊन मागून धावलो. बनिमीवरची ताडपत्री वाऱ्याने एका बाजूने उघडी पडली होती. तिच्या चारही कोपऱ्यांना दगड बांधण्यातच पंधरा मिनिटे गेली. मग पसरलेल्या सोयाबीनकडे वळलो. कवेत मावेल तेवढे उचलायचे, बांधाकडे आणायचे, ढिगावर टाकायचे. वाळलेल्या शेंगांची टोके काट्यासारखी टोचतात आणि ओल्या शेंगा हाताला चिकटतात, हे एरवी माहीत असते, पण अंधारात ते दोन्ही एकाच वेळी कळते. पाऊण एकर गोळा झाले असेल. उरलेल्यावर सरी पडताना आम्ही बांधावर उभे राहून पाहिले.

त्याच वेळी मुलीने बॅटरी बांधाच्या पलीकडे फिरवली. ज्वारी उगवून आली होती, बोटभर कोंब, ओळींनी उभे, आणि तोच पाऊस त्यांच्यावर पडत होता. या दिवसांत ज्वारीला एक सर मिळाली की पुढे महिनाभर काळजी नसते. विहिरीचे पाणी फक्त भाजीच्या अर्ध्या एकरापुरते असल्यामुळे आमची ज्वारी साठवलेल्या ओलीवरच वाढते. ह्यांचे तोंड सोयाबीनकडे होते आणि आत्याबाईंचे ज्वारीकडे. दोघांच्या मनात काय चालले असेल ते वेगळे विचारण्याची गरज नव्हती. मला स्वतःला वाईट वाटत होते की बरे वाटत होते, हे अजूनही नीट सांगता येणार नाही.

१७ ऑक्टोबर

तीन दिवस उन्हात ओले सोयाबीन हलवत राहिलो. सकाळी उलथायचे, दुपारी हात लावायचा नाही, कारण ऊन चढले की शेंगा तडकून दाणे मातीत जातात, आणि संध्याकाळी पुन्हा उलथायचे. बनिमीची काळजी त्याहून मोठी आहे, कारण ती वरून कोरडी दिसली तरी दमट माल आतून तापतो. आत्याबाई कोपरापर्यंत हात बनिमीत खुपसतात, डोळे मिटून थोडा वेळ थांबतात आणि मग हात बाहेर काढून गालाला लावतात. आज त्यांनी तीन ठिकाणी असे केले. दक्षिणेकडची बाजू गरम निघाली, तेवढी उघडून पुन्हा रचली. तिथल्या शेंगांना आंबूस वास येत होता. मुलगा म्हणाला की आजी बनिमीचा ताप बघते. ते अगदी बरोबर आहे.

२० ऑक्टोबर

मळणीयंत्र अखेर आज दुपारी आले. गावात सगळ्यांचेच काम एका वेळी निघाल्यामुळे नंबर लावावा लागतो. यंत्रवाला कट्ट्यामागे, म्हणजे पोत्यामागे, पैसे घेतो, म्हणून त्याला घाई असते. आणि बियाण्यासाठी ठेवायचा माल मात्र सावकाश काढावा लागतो, मिनिटाला चारशे-साडेचारशे फेऱ्यांवर. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते आणि त्याचा अंकुर अगदी सालाखाली असल्यामुळे जोराचा मार बसला की दाणा वरून धड दिसतो, पण पुढच्या जूनमध्ये उगवत नाही. मी वेग कमी करायला सांगितले तेव्हा तो ह्यांच्याकडे पाहू लागला. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. शेवटी बनिमीच्या मधल्या, पावसाचा थेंबही न लागलेल्या भागातले दोन कट्टे त्याने कुरकुरत का होईना, सावकाश काढून दिले. ते मी स्वतः घरी आणले आणि जमिनीवर न आपटता लाकडी फळीवर ठेवले आहेत. मुलांना सांगून ठेवले आहे की त्यांच्यावर कोणी बसायचे नाही.

तीन एकरांत २१ क्विंटल झाले. पाऊस नसता तर दोन-तीन क्विंटल अधिक झाले असते, असे हे म्हणतात. मळणी रात्री साडेनवापर्यंत चालली. सगळ्यांच्या पापण्यांवर भुसकटाची धूळ होती आणि गायीने मात्र ताज्या भुसकटावर मनापासून ताव मारला.

२३ ऑक्टोबर

बाजारातून हे संध्याकाळी परत आले. यंदाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आहे, पण त्या खरेदीसाठी ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, आणि आमच्या मालाचा मीटर १६ वर थांबला. घरी वाळवून थांबावे तर दिवाळी आठ दिवसांवर, कापणीचे गुत्ते द्यायचे, मळणीचे पैसे द्यायचे, हरभऱ्याचे बी आणायचे. एका व्यापाऱ्याने डागी दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली आणि ३,९०० ला माल घेतला. सगळा दिला नाही, आठ क्विंटल घरी ठेवला. याबद्दल आज अधिक लिहावेसे वाटत नाही.

२८ ऑक्टोबर, वसुबारस

आमची गाय देवणी आहे, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि लांब लोंबते कान. तिला श्रावणात कालवड झाली, त्यामुळे यंदाची वसुबारस खऱ्या अर्थाने गोवत्साची झाली. एरवी आम्ही शेजारच्या घरी जाऊन ओवाळून यायचो. आज दूध-दुभते कोणी खाल्ले नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी केली. ओवाळताना कालवडीने ताटातला दिवा हुंगण्याचा प्रयत्न केला आणि मिशा जराशा करपून घेतल्या. करपल्या केसांच्या वासाने सगळे हसत सुटले. गेल्या पंधरा दिवसांत घरातली पाचही माणसे एकाच वेळी हसली ती आज पहिल्यांदा.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

पाडव्याला मुलीने अंगणात शेणाच्या गवळणी घातल्या. पाच पांडव, डोक्यावर घागर घेतलेल्या बाया, एक जाते, एक चूल. प्रत्येकीच्या डोक्यावर झेंडूचे फूल खोचले. यंदा तिने त्यांत एक मळणीयंत्रही केले आणि त्याच्या तोंडाशी बसलेला एक माणूस, त्याच्या डोक्यावर मात्र फूल नाही. मी कारण विचारले नाही.

नणंदबाई पुण्याहून काल आल्या आणि आज गेल्या. भाऊबिजेची ओवाळणी ह्यांनी कमी घातली नाही. ते पैसे कुठून आले हे मला माहीत आहे आणि मी माहीत नसल्यासारखे केले. जाताना आत्याबाईंनी त्यांच्या पिशवीत जुन्या ज्वारीचे दहा किलो पीठ घातले. नवी ज्वारी यायला माघ उजाडेल, तोवर कणगीतले पुरवायचे आहे, तरीही घातले.

६ नोव्हेंबर

आज सोयाबीनच्या रानात हरभरा पेरला. उशीर झाला आहे, पण ओल अजून चार बोटांवर लागते. घटातला हरभरा कुजला होता हे लक्षात ठेवून आत्याबाईंनी सखल भागातला पाणंदीकडचा एक कोपरा रिकामा ठेवायला लावला, आणि मी त्याला विरोध केला नाही. शेजारच्या पट्ट्यातल्या तुरीला पिवळा फुलोरा आला आहे आणि मधमाश्यांचा आवाज तिफणीच्या कुरकुरीतूनही ऐकू येतो.

दुपारी भाकरी खायला बांधावर बसलो. पलीकडे ज्वारी गुडघ्याला लागली आहे, गर्द हिरवी, एकसारखी. वेळ अमावस्येला माणसे रानात कोप (कडब्याची खोपी) करून जेवायला येतील तेव्हा ती कणसावर आलेली असेल. फक्त कडेच्या करडईच्या दोन ओळी वाकड्या गेल्या आहेत. मध्येच ज्वारीत शिरतात, पुन्हा बाहेर येतात, आणि एका ठिकाणी तर हातभर जागेत काहीच उगवलेले नाही. पाणंदीने जाणारे एक भावकीतले आजोबा थांबले, बराच वेळ त्या ओळींकडे पाहत राहिले आणि मोघण कोणी धरली होती असे त्यांनी हसत विचारले. मुलाने घास तोंडात तसाच धरून मान खाली घातली.

“मीच धरली हुती,” आत्याबाई म्हणाल्या. “डोळ्याला आता दिसंना झालंय.”

आजोबा पुढे गेले. आत्याबाईंनी ताटलीतल्या ठेच्यातला मिरचीचा देठ उचलला आणि बाजूला टाकला.