22 सप्टेंबरच्या आत मॅन्युअल

पाच दिवसांची चवथ आटोपून फोंड्याच्या ऑफिसात परतले आणि तिसऱ्याच दिवशी, 3 सप्टेंबर 2025 ला रात्री, जीएसटीचे दर बदलल्याची बातमी आली. बहुतेक माल 5 नाहीतर 18 टक्क्यांत बसणार, आणि तेही 22 तारखेपासून. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर डिचोली, साखळी, पेडण्याकडच्या दुकानांत चालतं. सॉफ्टवेअरमध्ये दर बदलणं सोपं होतं. डोकेदुखी होती मॅन्युअलची. मराठीतली ती पीडीएफ व्हॉट्सअॅपवरून या दुकानातून त्या दुकानात फिरत राहते आणि कुणाकडे कुठली आहे ते देवालाच ठाऊक. एका फार्मसीवाल्याकडे तर 2021 ची निघाली.

म्हटलं, आता एकदाचं वेबसाइटवरच टाकू. एमकेडॉक्स हे साइट बनवायचं साधन माहीत होतं: मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात थोड्या खुणा घालून, लिहायचं, एक कमांड द्यायची, साध्या एचटीएमएल पानांचं फोल्डर तयार. डेटाबेस नाही, सर्व्हर सांभाळायला नको. ठेवायला गिटहब पेजेस, म्हणजे गिटहबवरची साइट ठेवायची सोय. फुकटच्या खात्यात त्यासाठी रिपॉझिटरी (तिथला फायलींचा साठा) सार्वजनिक असावी लागते, म्हणून मॅन्युअलची रिपॉझिटरी सॉफ्टवेअरच्या कोडपासून वेगळी केली. 1 जीबीपर्यंतची साइट चालते, आमची स्क्रीनशॉट धरून 40 एमबीसुद्धा नव्हती.

पहिल्या दिवशी दुपारी साइट चढली. एवढं सोपं? साखळीच्या एका दुकानदाराला लिंक पाठवली. पाच मिनिटांत फोन. "बाय, फोटो कांयच दिसना."

माझ्या लॅपटॉपवर सगळे दिसत होते. फोटो लहान करायचे म्हणून मी मार्कडाउनची पद्धत सोडून सरळ एचटीएमएलचे टॅग लिहिले होते, आणि असल्या टॅगमधले पत्ते एमकेडॉक्स तपासत नाही, त्यामुळे इशाराही आला नव्हता. चुका दोन निघाल्या. प्रत्येक पत्ता तिरक्या रेघेने सुरू केला होता, म्हणजे ब्राउझर फोटो साइटच्या मुळाशी शोधत होता. साइट मात्र रिपॉझिटरीच्या नावाच्या पोटफोल्डरात बसली होती. ते सुधारलं तरी निम्मे फोटो गायबच. स्क्रीनशॉटच्या फायलींच्या शेवटी 'पीएनजी' कॅपिटल अक्षरांत होतं, मी लिहिलं होतं लहान अक्षरांत. विंडोजला दोन्ही सारखंच, तिकडच्या सर्व्हरला नाही. फायलींची नावं बदलून परत ढकलली तर गिट, म्हणजे फायलींतले बदल टिपणारं सॉफ्टवेअर, म्हणतं, बदल काहीच नाही! विंडोजवर नुसता अक्षरांचा आकार बदलला तर गिटलाही तो दिसत नाही. शेवटी गिटच्याच कमांडने आधी भलतंच नाव दिलं, मग हवं ते. बाहेर पाऊस, मध्येच लाइट गेली, इन्व्हर्टर ओरडायला लागला. तो दिवस तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डोमेनचा पत्ता जोडायला घेतला. डोमेनच्या पॅनेलमध्ये सीनेमची नोंद करायची होती, म्हणजे आमचा पत्ता गिटहबच्या पत्त्याकडे वळवायचा. मी घाईघाईत नोंद करायच्या आधीच तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडून बघितला. तिथेच फसले. "असा पत्ता नाही" हे उत्तरही मधले सर्व्हर काही काळ धरून ठेवतात. मोबाइल डेटावर साइट उघडत होती, ऑफिसच्या ब्रॉडबँडवर नाही, आणि मी दोन तास नोंदीत चूक शोधत बसले. एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) सक्तीचं करायचा चौकोन तोवर दाबताच येत नव्हता. त्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र आलं तेव्हा तो उघडला.

संध्याकाळी एक शब्द सुधारून साइट परत चढवली आणि डोमेन गायब! प्रकार असा: सेटिंगमध्ये डोमेन भरलं की सीनेम नावाची एक फाइल प्रकाशनाच्या शाखेत (रिपॉझिटरीच्या ज्या भागातून साइट दिसते त्यात) पडते, आणि एमकेडॉक्सची चढवायची कमांड ती शाखा दरवेळी नव्याने भरते. माझी फाइल पुसली गेली होती. तीच फाइल मॅन्युअलच्या मूळ फोल्डरात ठेवली, म्हणजे दरवेळी सोबत जाते. सूचनांमध्ये हे लिहिलेलं असतं, मीच वाचलं नव्हतं.

हे सगळं कुणाच्याही वाट्याला येतं. मराठीचं दुखणं निराळं.

दुकानदाराला पूर्ण पान नको असतं, 'पावती रद्द कशी करायची' एवढाच तुकडा हवा असतो. तेव्हा शीर्षकाचीच लिंक द्यायची. लिंक बघितली तर शेवटी नुसतं अंडरस्कोअर तीन. शीर्षकावरून पत्ता बनवताना रोमन नसलेली अक्षरं गाळली जातात. मराठी शीर्षकातलं सगळंच गळतं, मग उरतो क्रमांक. म्हणजे मध्ये एक नवं शीर्षक घातलं की खालच्या सगळ्यांचे क्रमांक सरकले, आणि आदल्या आठवड्यात वाटलेल्या लिंका भलत्याच जागी. देवनागरी पत्ते ठेवायची सोय आहे, करूनही पाहिली. व्हॉट्सअॅपवर एकटी 'पावती' टक्क्यांच्या चिन्हांसकट 45 अक्षरांची होते, दुकानदार म्हणेल व्हायरस पाठवला. म्हणून प्रत्येक शीर्षकापुढे रोमनमध्ये छोटं नाव हाताने लिहिलं. साठेक शीर्षकं होती, एक दुपार गेली.

शोधाचंही तेच. तयार शोधात शब्दाच्या कडेची 'अक्षर नसलेली' चिन्हं छाटायची पायरी असते, आणि तिच्या हिशेबी देवनागरी हे अक्षरच नव्हे. अख्खा शब्द छाटला जायचा. 'पावती' शोधा, उत्तर शून्य. त्या जागी पेजफाइंड नावाचं दुसरं शोधसाधन बसवलं. पानं तयार झाली की ते त्यांचीच सूची बनवतं. ती पायरी मध्ये घालायची म्हणून चढवायचं काम गिटहब अॅक्शन्सकडे, म्हणजे गिटहबवर कामं आपोआप चालवायच्या सोयीकडे, दिलं, आणि सीनेमच्या फाइलची गरजही संपली.

साइट 19 तारखेला चालू झाली. 22 ला सकाळी पेडण्याहून मेसेज: "पावत्या शोधल्या, काही येत नाही." खरंच होतं. 'पावती' शोधलं की 'पावतीचा' सापडतो, कारण सुरुवात तीच. 'पावत्या'ची सुरुवात वेगळी, आणि आमच्या पानांवर तो शब्दच नव्हता. मराठी शब्दाचं मूळ रूप ओळखायची अक्कल त्या शोधात नाही.

आता प्रत्येक पानाच्या तळाशी फिकट अक्षरांत एक ओळ असते. पावती रद्दच्या पानावरची अशी: पावती, पावत्या, पावत्यांचा, बिल, बील, कॅन्सल.