ऐरोलीची खाडी: गेलो फ्लेमिंगोसाठी, बघत बसलो निवट्या

एकदाचं ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीत बसणं झालं. एकदाचं म्हणजे काय, डिसेंबरमध्ये एक फेरी फुकट गेली होती, सकाळची छान हवा वगैरे म्हणून पोचलो तर खाडीत पाणीच नाही, नुसता चिखल आणि लांब कुठेतरी एक गुलाबी रेघ. बोट भरतीलाच सुटते हे ठाण्यात जन्म काढूनही मला माहीत नव्हतं, बायकोने तो विषय अजून सोडलेला नाही.

तर आधी भरती बघा. जेट्टीवरच्या एका कोळी काकांनी सोपा हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थीला भरती साधारण तीनला, अष्टमीला सहाला, आणि खाडीत आत पाणी चढायला अजून थोडा वेळ. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमीच चढतं. आम्ही चतुर्थी धरली, फोन करून आधीच बुकिंग केलं (शनिवार-रविवारी ऐनवेळी जाऊन उभं राहू नका). ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडा, दिघा गाव झाल्यापासून ऐरोली दुसरं स्टेशन, पुढे रिक्षा.

भरतीला चिखल बुडायला लागला की पक्षी काठाकडे सरकतात, म्हणून तेव्हा जवळून दिसतात. बहुतेक सगळे छोटे रोहित (म्हणजे लहान जातीचे फ्लेमिंगो), मान खाली, चोच उलटी, पाण्यातलं शेवाळ गाळत बसलेले, गुलाबी रंग त्या शेवाळाचाच. एका काठाला ऐरोली-रबाळेच्या काचेच्या बिल्डिंगी, समोर भांडुप-मुलुंडकडची मिठागरं, मधे हायटेन्शनचे टॉवर. ऐरोली पूल ते वाशी पूल हा पट्टा 2015 ला अभयारण्य झाला, साधारण 1,690 हेक्टर, 2022 ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. पण पक्ष्यांना हद्द कुठे कळते, खाडी भरली की ते सीवूड्सच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावावर जाऊन बसतात, आणि 2024 मध्ये तिथे भरतीचं पाणी येणं बंद होऊन तलाव सुकला, काही फ्लेमिंगो मेले. म्हणजे खाडी राखली तरी काठाच्या आतलं पाणी तोडलं तर उपयोग काय?

आणि हो, बोटीतून उतरलात की लगेच पळू नका. दोनेक तास थांबा, चहा प्या, पाणी उतरू द्या. तिवरांच्या मुळांमधला चिखल उघडा पडला की बिळातून आधी दोन डोळे वर येतात, बेडकासारखे डोक्यावर बसवलेले, मग निवटी पंखांवर रेलत रेलत बाहेर. मासा असून चिखलात चालते, अंग ओलं असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेते. दोघींची भांडणं लागली, पाठीवरचा पंख ताठ करून एकमेकींवर उड्या, माझा भाचा फ्लेमिंगो विसरूनच गेला. काका म्हणाले, "कालवण झ्याक होतं हिचं, पण हाताला लागली तर ना." शेजारी बोय मासळी उडत होती, चिंबोऱ्या तर मोजूच नका.

जुने बूट घाला, दुर्बीण न्या, पांढरी पँट नको. तिवराचं पान उलटं करून जीभ लावून बघा, खारट लागतं, झाड मीठ पानातून बाहेर टाकतं. भाच्याने चार पानं चाटली आणि ट्रेनमध्ये ठाण्यापर्यंत पाणी पाणी करत बसला.