तुम्ही विचारलंत म्हणून: गांजाच्या केसेस घेणारी बाई भाच्यावर का ओरडली

हा प्रश्न मला लग्नात येतो, बारशाला येतो, बाररूममध्ये तर रोजच. मॅडम, तुम्ही एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या केसेस घेता, वर गांजा कायदेशीर करा असंही म्हणता, मग स्वतःच्या भाच्याकडे एक पुडी सापडली तर एवढा तमाशा का केलात? तमाशा केला हे खरंय. नात्यात अजून चघळला जातोय. तर आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे पंगतीत जिलबी वाढता वाढता कुणी परत विचारू नये.

आधी ते "ड्रग्जवाल्यांना सोडवते" बंद करा. आमच्या खानदेशात माझ्याकडे येतात ते ड्रायव्हर, क्लीनर, सालदार, सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा आदिवासी शेतकरी. शिरपूर तालुक्यात कपाशीत, तुरीत गांजाची झाडं सापडली अशा बातम्या तुम्ही वाचताच. फोटोत उपटलेल्या झाडांचा ढीग, मागे साहेब लोक आणि पुढे मान खाली घातलेला एकच माणूस. पैसे लावणारा त्या फोटोत नसतो. मी इतकी वर्षं फोटो बघतेय, एकदाही दिसला नाही.

तसाच एक माझा पक्षकार. गाव सांगत नाही. थोडीशी डोंगराची जमीन, बाहेरच्या कुणीतरी बटाईनं मागितली, हातात आगाऊ पैसे ठेवले, आणि तुरीच्या ओळींमध्ये ती झाडं उभी राहिली. त्याला माहीत होतं का? मी विचारलं नाही, वकील असले प्रश्न विचारत नाहीत. धाड पडली, झाडं मुळासकट उपटली, मातीसकट गोण्यात भरली, वाण्याचा काटा आणला आणि वजन भरलं साठ किलोच्या वर.

आता इथे तुम्हाला कायदा थोडा ऐकावा लागेल, इलाज नाही. १९८५ चा हा कायदा चालतो वजनावर. गांजा १ किलोपर्यंत असला तर अल्प प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेला की व्यावसायिक, कमीत कमी दहा वर्षं, आणि वर कलम ३७, म्हणजे जामीन द्यायचा तर हा माणूस दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे असं न्यायाधीशांना वाटलं पाहिजे, तेही साक्षीपुरावा व्हायच्या आधी. आणि गंमत बघा, याच कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत (म्हणून तर भांग वेगळी राहिली). मग मुळं, खोडं आणि चिखल कोणत्या व्याख्येत बसतात? हे मी कोर्टात घसा कोरडा होईपर्यंत मांडलं. शिवाय उभं पीक म्हणजे लागवड, त्याचं कलम वेगळं, त्याला ३७ लागत नाही, हेही मांडलं. खाली जामीन फेटाळला. हायकोर्टात मिळाला, पण तोवर त्याचे दोन पावसाळे आत गेले होते.

आणि जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नसतं. जामीनदार लागतो, त्याचा सातबारा लागतो. गांजाच्या केसमध्ये सातबारा कोण देणार? भावकीनं दिला नाही, सासरच्यांनी नाही. ऑर्डर हातात घेऊन त्याची बायको माझ्या टेबलासमोर बसलेली. प्रत्येक तारखेला दोन एसट्या बदलून यायची, येताना भुईमुगाच्या शेंगा आणायची, मी नको म्हटलं तरी ठेवून जायची. त्या दिवशी तिनं विचारलं, "ताई, तुमच्या नावावर सातबारा नाही का?" आहे. सासऱ्यांकडून आलेला आहे. वकिलानं आपल्याच पक्षकाराला जामीन राहायचं नसतं हे मी तिला समजावून सांगितलं, नीट, तिच्या भाषेत जमेल तसं. तिनं मान हलवली. तिला त्यातलं एवढंच कळलं असणार की ताईंकडे आहे पण ताई देत नाहीत. जामीनदार मिळेपर्यंत तो ऑर्डर होऊनही आतच होता.

हे सगळं चालू असताना दिवाळी आली, आणि भाचा पुण्याहून आला. आयटीत आहे, गुणी पोरगा, खरंच. गच्चीवर वास आला, मी वर गेले, तर हा शांतपणे म्हणतो, "मावशी, तू तर स्वतःच लीगल करा म्हणतेस. कोणाला त्रास होतोय?"

मग मी ओरडले. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. त्याचा कोणाला त्रास होतोय हा प्रश्न, आणि मी तर आदल्याच आठवड्यात जेलच्या मुलाखतीच्या जाळीपाशी उभी होते. पकडला गेला असता तर त्या पुडीवर त्याला बहुतेक लगेच जामीन मिळाला असता, मीच मिळवून दिला असता. त्याच मालाची दुसरी बाजू साठ किलोत मोजली जाते.

तर तो म्हणाला, "मी नाही घेतला तर तुझा तो माणूस सुटणार आहे का? आणि तूही त्याच धंद्यातून फी घेतेस ना?"

फी घेते. शेंगाही घेतल्या. पहिल्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून आवाज वाढवला, हे कबूल. सगळ्यांनी घेणं थांबवलं तर त्या डोंगरावरच्या माणसाची जेल चुकेल, पण आगाऊ पैसेही जातील, आणि त्या पैशांवर घरात काय काय चालत होतं ते मी पाहिलंय. तरी मला वाटतं त्यानं घेऊ नये. बंदी चुकीची आहे म्हणून तिची किंमत दुसऱ्याला भरायला लावायचा हक्क आपल्याला मिळत नाही. हे मी ठामपणे लिहिलं खरं, पण कोर्टात मांडलं तर समोरचा वकील पाच मिनिटांत फोडेल.

लॉ कॉलेजात मी याच विषयावर वादविवाद जिंकलेय. तेव्हा पोर्तुगाल पोर्तुगाल करायचे. आता नीट वाचल्यावर कळतं की २००१ मध्ये त्यांनी स्वतःपुरता बाळगणं गुन्ह्यातून काढलं, विकणं नाही. नेदरलँड्सचंही तसंच, कॉफीशॉपच्या पुढच्या दारानं गिऱ्हाईक निवांत बाहेर पडायचं आणि मागच्या दारानं येणारा माल बेकायदा, हे तिथे वर्षानुवर्षं चाललं. म्हणजे भाचा सुटला, पक्षकार आतच. "पिणाऱ्याला शिक्षा नको" एवढीच सुधारणा मागणारे लोक भेटले की मला हल्ली राग येतो, पूर्वी मी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायचे.

शेतकऱ्याला सोबत घेऊन काही करता येतं हे आपल्या शेजारी दिसतं. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला अफू सरकारी लायसन्सवर पिकते, शेत मोजून देतात, माल सरकार घेतं. सगळं आलबेल आहे असं नाही, पण तिथे लायसन्सवर पीक लावलं म्हणून कुणी आत जात नाही. गांजाला तसं करा म्हटलं की लगेच माझ्याच मनात येतं, लायसन्स डोंगरावर पोचेल की पुण्यातल्या कंपनीत थांबेल? ज्या माणसाला जामीनदार मिळत नाही त्याला लायसन्स मिळेल?

आणि मग एमडी, म्हणजे मेफेड्रोन. २०१५ मध्ये या कायद्यात आलं, केमिकलच्या कारखान्यांत बनतं, शेतकऱ्याचा संबंधच नाही. एमडीच्या केसमधल्या एका पोराची आई माझ्याकडे येते, तिला तो सुटायला नकोय, आत आहे तोवर जिवंत राहील म्हणते. तिच्यासमोर लीगल हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. कॉलेजातली मी असती तर म्हणाली असती, बंदी आहे म्हणूनच ते कारखान्यात बनतं, त्यात काय मिसळलंय ते कुणालाच कळत नाही, तुझं लॉजिक गांजापाशी का थांबतं? त्या कॉलेजातल्या पोरीला मी म्हणते, तू त्या आईला भेट. ती म्हणते, भेटले तरी मुद्दा तोच राहतो. राहतोच.