शस्त्रक्रियेच्या मुलांसाठी गोधडी: आधी धुण्याचा विचार

दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाच्या तोंडातून काही काळ रक्तमिश्रित लाळ गळते. ती गोधडीवर पडतेच. या गोधड्या ज्या शस्त्रक्रिया शिबिरातल्या मुलांना पाठवायच्या ते परदेशातलं, तिथलं धुणं कसं असेल ते आपल्या हातात नाही. त्यामुळे शिवायला बसण्याआधी एकच प्रश्न विचारावा: गरम पाण्यात, रगडून, वीस वेळा धुतल्यावर ही टिकेल का?

कापड शंभर टक्के सुती घ्या आणि कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन इस्त्री करा. न धुता शिवलं तर अस्तर आणि वरची बाजू वेगवेगळी आटतात, गोधडी आखडते. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा, कितीही आवडलं तरी.

१०० × १२५ सेंमी हे माप लहान मुलांपासून दहा वर्षांपर्यंत चालतं. त्यासाठी २७ सेंमीचे २० चौकोन कापा, रुंदीत चार आणि लांबीत पाच. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, पूर्ण १ सेंमी ठेवा. पाव इंच माया दिसायला सुबक, पण रगडून धुतल्यावर तिथूनच उसवतं. प्रत्येक जोडात दोन्हीकडून २ मिमी जास्त माया गेली, तर तीन जोडांत रुंदी १२ मिमीने कमी होते आणि शेजारच्या ओळीचे कोपरे जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक ओळ झाली की मोजा.

आत पॉलिएस्टरचा पातळ थर घाला. कापूस उबदार खरा, पण तो वाळायला वेळ लागतो आणि दमट हवेत कुबट वास धरतो. टिपा ८ ते १० सेंमी अंतरावर मारा. अंतर वाढलं की आतला थर सरकून गोळे होतात. थर जोडताना लावलेल्या टाचण्या मोजून लावा आणि मोजूनच काढा. आकडा जुळेपर्यंत गोधडी पुढे जाता कामा नये.

काठाला ६ सेंमी रुंद दुहेरी पट्टी लावा. परिघ ४५० सेंमी, जोड आणि कोपरे धरून ४७५ लागते, म्हणजे ११० सेंमी पन्ह्याच्या (कापडाच्या रुंदीच्या) पाच पट्ट्या. काठ मशीननेच पक्का करा. हातशिलाईचा सैल दोरा बाळाच्या बोटाभोवती आवळला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. झालरही याच कारणाने नको. बटणं आणि मणीही नकोत, ते सुटून बाळाच्या घशात अडकू शकतात. वर्षाखालच्या बाळाच्या झोपेत मोकळं पांघरूण धोक्याचं असतं, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत हे चित्रासह लिहा. शब्द कळतीलच असं नाही.

अशी गोधडी साधारण ५५० ग्रॅम भरते. विमानाच्या २३ किलोच्या बॅगेत ३५ मावतात, हवा काढलेल्या पिशव्यांत. भरण्याआधी ती पूर्ण वाळलेली हवी, थोडी ओल राहिली तर वाटेत बुरशी येते. अत्तर किंवा सुगंधी साबण अजिबात नको, भूल उतरत असताना मुलांना मळमळतं.